डावीकडून आई ऐकू येईना

ताई,

हल्ली मी कानात काहीच घालत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "भैया, आप सुनके बताओ ना, बास कैसा है," तर मी डबी त्याच्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "कान अपना-अपना, भाई. आप ही सुन लो." त्याला वाटतं, दुकानदार शिष्ट आहे. खरं म्हणजे मला भीती वाटते. इअरफोन कानात गेला की गाणं सुरू व्हायच्या आधीच माझं मन डावं-उजवं तोलायला लागतं. डावीकडे कमी आहे का? की उजवीकडे? मग मी तो काढतो, पुसतो आणि परत डबीत ठेवतो. समता कॉलनीतलं आपलं एवढंसं दुकान, भिंतीभर इअरफोन टांगलेले, आणि त्यांच्यामधे त्यांनाच भिऊन बसलेला मालक.

तुझ्या ऑफिसात शोकसभा झाली. साहेब बोलले. तुझी नोकरी, तुझा वक्तशीरपणा, तुझं शिक्षण, सगळं त्यांनी नीट सांगितलं. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होतो की या माणसाला तू "सुपारी साहेब" म्हणायचीस हे त्याला कधी कळलं असेल का. मीटिंगचं रेकॉर्डिंग ऐकून ते टाइप करायचं तुझं काम, आणि साहेब तोंडात सुपारी धरून बोलायचे. त्यापायीच तर सगळं सुरू झालं. तू दुकानात येऊन म्हणालीस, "अमोल, बोलणं साफ ऐकू येईल असं काही दे." मी तुला सगळ्यात जास्त खपणारा इअरफोन दिला. पुढच्या रविवारी तू तो परत आणलास.

"यात साहेब विहिरीतून बोलून राहिले."

"लोक तर हाच मागतात, ताई. ढमढम बास पाहिजे सगळ्याइले."

"लोकाइले मीटिंग टाइप नाही करा लागत."

मग मी तुला आयईएम दिले. स्टेजवरचे गायक घालतात तसे, कानाच्या आत घट्ट बसणारे, वायर कानामागून फिरवलेली. पूर्वी फार महाग असायचे, आता हजार-दीड हजारातही बरे मिळतात. तू ते घातलेस, साहेबांची मीटिंग लावलीस आणि म्हणालीस, "अबे, साहेबाच्या मागं कोणीतरी चहा ढवळून राहिलं!" त्या दिवसापासून तू वेडी झालीस. नव्या कंपनीचा माल आला की रविवारपर्यंत तो विकायचा नाही, अशी तुझी ताकीद होती.

रविवारी तू अभनपूरहून बसने यायचीस, लेकीला, समूला घेऊन. तात्यापाऱ्यातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत आपण बैठक मांडायचो. उन्हाळ्यात तू आधी कूलर बंद करायचीस, कारण कूलरच्या घरघरीत बारीक आवाज मरतात. आई आतून ओरडायची, "कूलर काहून बंद केला वं? उकडून मारता का मले?" आणि आपण घामाघूम होऊन एक इअरफोन काढ, दुसरा घाल, असं करत बसायचो. तुझा एक नियम होता, दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा. ज्याचा आवाज जरा मोठा तोच कानाला चांगला वाटतो, असं तू म्हणायचीस, आणि मी दुकानात नेमकं तेच करून माल खपवतो हे तुला माहीत होतं. फोनला लावायच्या त्या छोट्या डॉंगलवरून तर आपण किती भांडलो. मी म्हणायचो, त्याने आवाज सुधारतो. तू म्हणायचीस, "तुले पावती पाहून ऐकू येते." एकदा तू माझे डोळे ओढणीने बांधून परीक्षा घेतलीस. मी अर्ध्या वेळा चुकलो, तरी मान्य केलं नाही. आताही करत नाही. हे भांडण तसंच राहिलं आहे, ताई, आणि समोर कोणी नसताना भांडता येत नाही.

इअरफोनच्या परीक्षेचं तुझं रेकॉर्डिंग बाजारातलं नव्हतं. विहारात महिला मंडळाची बुद्धवंदना चालली असताना दुकानातला दोन माइकचा छोटा रेकॉर्डर तू मधे ठेवला होतास. बाया रांगेने बसलेल्या, पेटी उजवीकडे, आई डावीकडे भिंतीजवळ, आणि वर एक पंखा, दर फेरीला टकटक करणारा. भारी गाण्यांत काय, सगळंच साफ असतं, तू म्हणायचीस. यात बघा. ज्या इअरफोनमधे पंख्याची टकटक आणि पेटी वेगवेगळी ऐकू येते तो बरा. आणि ज्यात सगळ्या बायांच्या मधून आपली आई वेगळी ऐकू येते, डावीकडून, जराशी बेसूर, तो पास. आईला हे कळल्यावर ती रागावली होती. "माझा आवाज काय इअरफोन तपासाले हाय का?"

आता तो रविवार.

कूलर बंद होता. माझ्याकडे तीन नवे पीस होते. पहिला तू घातलास, रेकॉर्डिंग लावलं आणि कपाळाला आठी घातलीस.

"याचं डावं खराब आहे."

स्वस्त मालात असं होतं. एक बाजू जराशी दबलेली निघते. मी पीस बाजूला ठेवला. तू दुसरा घातलास.

"याचंही डावं कमी आहे. कोणाकडून आणला रे हा माल?"

मी रबरी टिप बदलून दिली. टिप नीट बसली नाही तर आवाज पातळ येतो, म्हणून मोठी लावली. मग केबल बदलली. तू डोळे मिटून ऐकत होतीस आणि तुझा हात आपोआप डाव्या कानावर गेला. तिसरा पीस घातलास. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस,

"अमोल, यात आई ऐकूच नाही येऊन राहिली."

मी तिन्ही घालून पाहिले. तिन्हींत आई होती. डावीकडे, भिंतीजवळ, जराशी बेसूर.

मी तुला ते सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. तू माझ्या हातातून इअरफोन घेतलास आणि उलटे लावलेस, उजवा डाव्या कानाला, डावा उजव्याला. असे ते नीट बसत नाहीत, म्हणून दोन्ही बोटांनी धरून ठेवलेस. रेकॉर्डिंग चालू होतं. मला फक्त तुझा चेहरा दिसत होता. तू ऐकलंस, मग हळूच काढून मांडीवर ठेवलेस.

"आई आली," तू म्हणालीस. "उजवीकडून आली. माल चांगला आहे."

आतून आई ओरडली, "झालं असन तर कूलर लावा!" मी उठून कूलर लावला. तू म्हणालीस, कानात मळ असेल. मी म्हणालो, हव, मळच असेल. समू पलंगावर पडून मोबाइल बघत होती. तिने वर पाहिलं आणि परत मोबाइलमधे डोकं घातलं. तेव्हा मला वाटलं, तिचं लक्ष नाही.

मळ नव्हता. कानाच्या डॉक्टरने आत बघून सांगितलं, कान साफ आहे, मशीनवर तपासू. त्या काचेच्या बंद खोलीत तू बसलीस, कानांवर मोठे हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेर तंत्रज्ञाच्या मागे उभा होतो. उजव्या कानाला तू पटापट दाबत होतीस. डाव्याची पाळी आली आणि तू थांबलीस. नंतर सुरू झालीस, पण एका ठरावीक लयीत, जरा वेळाने एकदा, जरा वेळाने एकदा. तंत्रज्ञाने माइक सुरू केला आणि फार सांभाळून म्हणाला, "मैडम, आवाज़ आए तभी दबाइए." काचेतून तू माझ्याकडे पाहिलंस. तुझं बोट बटणावर होतं, आणि ते नंतर कितीतरी वेळ हललं नाही. ताई, पुढे मी तुला आयसीयूत पाहिलं, आणखीही सगळं पाहिलं, पण आजही डोळ्यांसमोर येतं ते तुझं न हलणारं बोट.

एमआरआयच्या खोलीतून बाहेर आलीस तेव्हा मात्र तू हसत होतीस. "काय बास आहे रे त्या मशीनले! तुझ्या गिऱ्हाइकाइले पाठव."

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ होती. कॅन्सर नव्हे, पण जागा वाईट. डावीकडची एवढी वाढली होती की मेंदूला टेकली होती. बसमधे तू हल्ली दोन्ही हातांनी दांडा धरून का उभी राहतेस ते मला तेव्हा कळलं. मग त्यांनी पेनाचं टोक दुसऱ्या बाजूला नेलं. उजवीकडेही एक बारीक ठिपका होता.

"दोनों तरफ़ है," ते म्हणाले. "ऐसा हो तो अक्सर परिवार से आता है. घर में किसी को कम सुनाई देता था? चलने में लड़खड़ाते थे?"

तू आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

बाबांचा कान रेल्वेच्या वॅगन शेडमधल्या ठोकाठोकीने गेला, असं आपण लहानपणापासून मानत आलो. आणि त्यांच्या चालण्याबद्दल मोहल्ल्यातले लोक काय मानत होते तेही आपल्याला ठाऊक होतं. संध्याकाळी अंधार पडला की बाबा भिंतीला हात लावत गल्लीतून यायचे. पंचशील घेतलेला माणूस, आयुष्यात थेंब घेतला नाही, आणि गल्ली म्हणायची, आला बघ टाकून. तू शाळेत होतीस तेव्हा समोरच्या काकूंच्या दारात उभी राहून भांडली होतीस. बाबा छताच्या जिन्यावरून पडले आणि गेले, तेव्हा मयतीला आलेल्यांपैकी कोणीतरी तेच पुटपुटलं. तू ते ऐकलंस. तेव्हा तुझे दोन्ही कान चांगले होते.

डॉक्टर म्हणाले की अशा गाठीने तोल जातो, अंधारात तर जास्तच जातो.

घरी येऊन आपण आईला सांगितलं. मला वाटलं, ती तुझ्या गाठीचं विचारील. आधी ती बाबांबद्दल बोलली. भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "म्हणजे ते खरंच काही घेत नव्हते." तू म्हणालीस, "आई, तुले तर माहीतच होतं ना." आई मान हलवत राहिली. मग म्हणाली, "मी त्याइचं तोंड हुंगाची वं रोज. झोपल्यावर. वास कधीच नाही आला, तरी हुंगाची." तू तिच्याजवळ जाऊन बसलीस. मी उभाच होतो. मला त्या क्षणी बाबांची कीव आली नाही की आईचा राग आला नाही. मी मनात हिशेब लावत होतो की बाबांकडून तुझ्याकडे आलं, तर माझ्याकडे काय आलं असेल. तूही तोच हिशेब लावत होतीस, पण समूचा.

त्यावरून आपलं खरं भांडण झालं. डॉक्टरांनी तुझं रक्त घेऊन तपासायला पाठवलं आणि म्हणाले की यातून घराण्यातलं मूळ सापडलं, तर भावाचं आणि मुलीचं रक्तही बघता येईल. ज्याच्यात असेल त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. मी म्हणालो, दोघांचंही लगेच करू. तू म्हणालीस, "तुझं कर. समूचं नाही."

"काहून?"

"पंधरा वर्षाची आहे ते. आज तिले काही होऊन नाही राहिलं. कागदावर लिहून आलं तर उद्यापासून ते पोट्टी प्रत्येक सर्दीले भिईन. चार वर्षं तरी तिले बिनधास्त जगू दे."

"आणि चार वर्षांत वाढली तर? बाबाचं काय झालं, पाहिलं ना?"

"बाबा भेले नव्हते, अमोल. बाबा मजेत होते."

"बाबाले लोक दारुडा म्हणत होते, ताई!"

तू उठून गेलीस. जिजाजी दारात उभे होते. ते तुझ्या बाजूने बोलले नाहीत की माझ्या बाजूने. नंतर दवाखान्यात ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी परत विषय काढला, तर तू हात वर करून म्हणालीस, "बरी झाली की भांडू. जागा धरून ठेव." बरं झाल्यावर भांडायचं, असं सांगून तू गेलीस.

ऑपरेशनआधी तुला मरणाची भीती नव्हती. होती ती शांततेची. डाव्या कानाचं उरलंसुरलं ऐकणं ऑपरेशनमधे जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. उजवीकडचा ठिपका उद्या वाढला तर? तू मला विचारलंस, "पूर्ण बहिरं झाल्यावर माणसाले आपलाच आवाज आठवते का रे?" मी म्हणालो, फालतू बोलू नको.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. तू जागी झालीस, आम्हाला ओळखलंस, चेहऱ्याची डावी बाजू जराशी ओघळली होती, पण बोलत होतीस. वॉर्डात आणल्यावर तू डाव्या कानाजवळ चुटकी वाजवलीस आणि बोटांकडे बघत राहिलीस. "गेलं," म्हणालीस. "आता अर्धंच."

मी दुकानातून एक साधा आयईएम आणला होता. तुझ्या फोनच्या सेटिंगमधे जाऊन मी एक बटण चालू केलं. त्याला मोनो म्हणतात. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून दोन्ही कानांत सारखाच पाठवतात. इतकी वर्षं मी ते बटण पाहिलं होतं आणि ते कोणासाठी ठेवलं आहे असा विचारही केला नव्हता. मी तुझ्या उजव्या कानात इअरफोन बसवला, पट्टीला धक्का लागू नये म्हणून हळूहळू, आणि विहारातलं रेकॉर्डिंग लावलं. पेटी आली असणार, पंखा आला असणार. तू डोळे मिटले होतेस. मग तुझ्या तोंडाची चांगली बाजू हलली.

"आली," तू म्हणालीस. "आई आली. पेटीच्या अगदी मांडीवर बसली, पण आली." आणि आईकडे वळून म्हणालीस, "अजूनही बेसूरच आहेस वं."

आई रडत हसली. समू तुझ्या पायाशी बसली होती. त्या दुपारी खिडकीत ऊन होतं आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण यातून निघालो. ताई, तेवढ्या दुपारसाठी मी कोणाचे आभार मानू ते मला कळत नाही. त्या बटणाचे मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं डोकं दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत तू बोलायची थांबलीस. आत रक्तस्राव झाला होता. परत ऑपरेशनला नेलं तुला. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं, मी पाहिलं ते. तू परत आली नाहीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात त्याच बाया बसल्या. पेटी उजवीकडे, पंखा वर. त्याची टकटक कोणी दुरुस्त केली नाही. आई तिच्या जागी होती, पण म्हणत नव्हती, ओठ मिटून बसली होती. मला दर ओळीला भीती वाटत होती की ती ऐकू येत नाही ते ती गप्प आहे म्हणून, की माझा डावा कान गेला म्हणून. मी उठून बाहेर गेलो आणि चपलांजवळ उभं राहून दोन्ही कानांपाशी चुटक्या वाजवून पाहिल्या. दोन्ही ऐकू आल्या. परत वाजवल्या.

मागून समू आली होती. तिने पाहिलं.

"मामा," ती म्हणाली, "मैं भी करती हूँ."

"काय करते?"

"यही. रोज़ सुबह. उठके पहले लेफ़्ट, फिर राइट. फिर आँख बंद करके एक पैर पे खड़ी होती हूँ. गिरी नहीं तो स्कूल जाती हूँ."

"कधीपासून?"

"जिस दिन माँ ने इयरफ़ोन उल्टा लगाया था."

तू तिला चार वर्षं देऊ पाहत होतीस, ताई. तिच्याकडे एक दिवसही नव्हता. त्या रविवारी ती मोबाइलमधे डोकं घालून सगळं ऐकत होती, आणि आपण दोघं तिच्या डोक्यावरून भांडत होतो. हे भांडण मी जिंकलो असं मी म्हणणार नाही. मला ते जिंकायचं नव्हतं.

तिने बापाला स्वतःच सांगितलं की तिला तपासायचं आहे. जिजाजींनी मला फोन केला. म्हणाले, "अमोल, तिच्या मायची इच्छा नव्हती. पण तिची माय आता हे असं रोज एका पायावर उभं राह्यलेलं पाहती तर काय म्हणती?" मी म्हणालो, तिने आधी समूला शिव्या दिल्या असत्या आणि मग स्वतः घेऊन गेली असती.

तुझ्या रक्तात मूळ सापडलं होतं. समूचं आणि माझं रक्त एकाच सकाळी घेतलं. सुई पाहून तिने तोंड फिरवलं आणि माझा हात धरला, आणि माझ्या वेळी मी तिचा धरला. रिपोर्टची वाट पाहताना मी दुकान उघडत होतो, बंद करत होतो. जिना चढताना कठड्याला हात लावायचा नाही असं ठरवायचो आणि अर्ध्यावर लावायचो. कोणी मागून हाक मारली आणि पहिल्या हाकेला ऐकू आली नाही तर लगेच दोन्ही कानांपाशी चुटक्या वाजवायचो. कूलर आता छतावर चढवून ठेवला आहे, घर शांत असतं, आणि ती शांतताच मला सहन होत नाही. मी टीव्ही लावून ठेवतो. आई म्हणते, पाहत तर नाहीस.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर समूचं सांगितलं. तिच्यात नाही. अजिबात नाही. घराण्यातलं ते तिच्यापर्यंत आलंच नाही, तिला पुढे कसल्या तपासण्याही नकोत. जिजाजी खुर्चीत बसूनच वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. समू डॉक्टरांना दोनदा विचारत होती, "पक्का? पक्का ना, सर?"

मग बाहेर येऊन तिने मला विचारलं, "और आपका?"

"आला नाही अजून," मी म्हणालो.

आला होता. डॉक्टरांनी मला आधीच वेगळं बोलावून सांगितलं होतं. माझ्यात आहे. नंतर एमआरआय झाला, त्याच मशीनमधे, आणि खरंच काय बास आहे, ताई, तू अतिशयोक्ती केली नव्हतीस. उजवीकडे लहानशी आहे. डावीकडे सध्या काही नाही. आत्ता काही करायचं नाही, असं म्हणाले. ठरावीक काळाने चित्र काढत राहायचं. बाबांची कोणी पाहिलीच नाही, तुझी उशिरा दिसली, माझी लहान असताना दिसली. डॉक्टर म्हणाले, हे नशीब समजा. मी समजायचा प्रयत्न करतो आहे. पण सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा हात कानाकडे जातो, आणि चुटकी वाजवायच्या आधीचा जो एक क्षण असतो तो मला कोणाला समजावून सांगता येत नाही. तुला सांगावा लागला नसता.

तो रिपोर्ट मी दुकानात, डब्यांच्या मागे ठेवला होता. घरात कोणाला सांगायचं? आईला? तिने नवरा गमावला, मुलगी गमावली. मी ठरवलं होतं, नाही सांगायचं. एमआरआयच्या दिवशी मी तिला म्हणालो होतो की माल आणायला चाललो आहे.

आज दुपारी जेवायला घरी आलो, तर आई ताट वाढून समोर बसली आणि म्हणाली, "तुझं काय आलं?"

"कशाचं?"

"अमोल." एवढंच म्हणाली.

मी सांगितलं. वरणभात समोर होता आणि मी सगळं सांगितलं, उजवी बाजू, लहान आहे, आत्ता काही करायचं नाही. आई रडली नाही. तिने विचारलं, "लहान म्हणजे किती?" मी बोटाने दाखवलं, डाळीएवढी. तिने माझ्या बोटाकडे नीट पाहिलं, जसं काही त्यावरच ती दिसणार होती. मग म्हणाली, "समूले माहीत आहे?"

"नाही. खूश आहे ते आत्ता. राहू दे."

"नाही राहू द्याचं. ते पोट्टी हुशार आहे. उद्या तिले दुसऱ्याकडून कळलं तर वाटन, मामानं माझ्यापासून लपवलं, म्हणजे माझंही काही लपवलं असन." ती उठली, हात धुतले आणि दारामागची पिशवी घेतली. "जेव लवकर. अभनपूरची बस पकडू."

मी तिला म्हणालो, ताईने हे केलं नसतं. तिने पोरीला सांगू दिलं नसतं.

"हव," आई म्हणाली. "म्हणून तं आपण जाऊन राहिलो."

बसमधे आई खिडकीशी बसली आणि मी तिच्या बाजूला. दोन्ही बाजूंना धान उभं होतं. मला आठवत होतं की याच बसमधे तू रोज सकाळ-संध्याकाळ ऑफिसला जाता-येता कानात इअरफोन घालून बसायचीस, आणि मला ते आठवायचं नव्हतं. भीती वाटत होती. ती समूच्या तोंडाची होती, तिने ऐकल्यावर ते कसं होईल याची.

तुझं दार तिनेच उघडलं. शाळेचा ड्रेस अजून अंगावर होता. आईला बघून हसली, माझ्याकडे पाहिलं आणि हसायची थांबली.

"आ गया आपका," ती म्हणाली. विचारलंही नाही या वेळी.

"हव," मी म्हणालो. "आला."

मग मी तिला सांगितलं, तिथेच, दारात, चपला काढायच्याही आधी. ती ऐकत राहिली. खालचा ओठ दाताखाली धरला होता, तू धरायचीस तसा. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "अगली बार कब जाना है?"

"काही महिन्यांनी."

"मैं चलूँगी साथ में. संडे को रखना."

जिजाजी आतून आले, आईने त्यांना हाताने बस म्हणून खुणावलं आणि मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो. समूने ते दुसऱ्यांदा ऐकलं नाही. ती तुझ्या स्वयंपाकघरात गेली. मधेच तिने डोकं बाहेर काढून आईला विचारलं, "आजी, कितने लोगों का चढ़ाऊँ?"

"चौघाइचं," आई म्हणाली. "मामा आज इथंच राहीन."